बाविसावं कलम

तिला वकीलबाई हे नाव तिच्या काकाने ठेवलं. पोलीस वसाहतीत ती आमच्या समोरच्या दारात राहायची आणि बोलायला लागल्यापासून प्रत्येक गोष्टीला 'का' विचारायची. झोपायचं का, झोपायचं तर दिवा का मालवायचा, आणि मोठ्या माणसांनी तो आपल्या खोलीत का मालवायचा नाही. काका हात जोडून म्हणायचा, "वकीलबाई, आम्ही खटला हरलो. आता तरी झोपा."

तिच्या वडिलांचा हा धाकटा भाऊ बस डेपोत मेकॅनिक होता. लग्न व्हायचं होतं, त्यामुळे संध्याकाळचं जेवण भावाकडेच असायचं. नखांत काळं ग्रीस, खिशात पुतणीसाठी बेअरिंगमधल्या चकचकीत गोळ्या. वडील हवालदार. एरवी घरात ते चार शब्दांच्या वर जात नसत, पण धाकटा आला की त्यांचं हसणं आम्हाला आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

हवालदारांची नेमणूक एका परदेशी वकिलातीच्या फाटकावर होती. फाटकाच्या बाजूला लाकडी चौकी आणि चौकीत एक स्टूल, ज्यावर बसायची मुभा फक्त पाऊस असेल तेव्हा. दिवसभर उभं राहायचं, येणाऱ्या गाड्यांचे नंबर बघायचे, व्हिसासाठी आलेल्यांची रांग सरळ करायची. खात्यातले लोक या कामाला सावलीतली नोकरी म्हणायचे, आणि थोडा हेवाही करायचे.

ती सहावीत असताना त्या देशाच्या गस्तीच्या बोटीने आपल्या मासेमारांच्या बोटीवर गोळ्या झाडल्या. बोट हद्दीच्या अलीकडे होती की पलीकडे यावर दोन्ही सरकारं वाद घालत राहिली, आणि तोवर प्रेतं किनाऱ्याला लागली. मेलेल्यांत काकाचा जिवाभावाचा मित्र होता. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले, पुढे एकाने पाना हातात घेतला आणि दुसऱ्याने जाळं. दुसऱ्या दिवशी दुपारी वकिलातीसमोर इतकी माणसं लोटली की रस्त्याचं डांबर दिसेना. फाटकावर मोजकेच पोलीस होते. जादा कुमक मागवली होती, ती गर्दीच्या मागेच अडकून पडली.

तिथे काय झालं ते वसाहतीत तुकड्यातुकड्यांनी पोचलं. आधी कळलं की फाटक टिकलं. मग कळलं की हवालदारांचा डावा डोळा दगडाने गेला. आणि सगळ्यात शेवटी, बायकांच्या दबक्या आवाजात, हे कळलं की डोळा जाण्याच्या जरासं आधी त्यांनी फाटकावर चढणाऱ्या एका माणसाच्या मनगटावर काठी हाणली होती, आणि तो माणूस त्यांचा सख्खा भाऊ होता. मनगटाचं हाड असं मोडलं की ते परत धड जुळलंच नाही.

खात्याने हवालदारांना प्रशस्तिपत्रक दिलं आणि गणवेशांच्या कोठारात बैठं काम दिलं. बाहेरच्या लोकांनी वेगळं काहीतरी दिलं. दुकानदार सुटे पैसे हातावर न ठेवता फळीवर टाकायला लागला. आमच्या जिन्याजवळच्या भिंतीवर कुणीतरी कोळशाने लिहिलं, 'परक्यांचा पहारेकरी'. तिच्या आईने ओल्या फडक्याने ते घासून काढलं, तरी अक्षरं पुसट दिसत राहिली. हवालदार त्याच्यासमोर उभे राहून एकदाच म्हणाले, "शुद्धलेखन तरी बरोबर आहे." आम्ही मुलं हसलो. आई हसली नाही. डोळ्याच्या खोबणीत रोज औषध तीच घालत होती.

काका त्या दिवसानंतर या घराची पायरी चढला नाही. त्याचं लग्न झालं, तेही दुसऱ्या कुणाकडून कळलं.

वकीलबाईने वडिलांना विचारलं, "तुम्ही त्यांना आत का नाही जाऊ दिलं?"

"फाटकाच्या आतली जमीन आपली नाही," ते म्हणाले. "ती त्यांची. आत कुणी जाता कामा नये, असं वरून सांगितलेलं."

"मग त्यांच्या जमिनीसाठी तुम्ही डोळा का दिलात?"

हवालदार उठून गॅलरीत गेले. त्यानंतर तिने घरात कुणालाच 'का' विचारलं नाही. एखादा सतत चालणारा पंखा बंद पडल्यावर खोली जशी वाटते, तसं ते घर वाटायला लागलं.

ती कायद्याची पदवीधर झाली तेव्हा सगळ्यांनी गृहीत धरलं की आता ती कोर्टात जाणार. तिने विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी नाव घातलं आणि विषय घेतला आंतरराष्ट्रीय राजनैतिक कायदा, म्हणजे एका देशाने दुसऱ्या देशाच्या दूतांना कसं वागवायचं, याचे नियम. आई म्हणाली, "याने कुणाचं पोट भरतं?" वडील म्हणाले, "शिकू दे." का घेतलास हा विषय, असं त्यांनी विचारलं नाही. मी विचारलं. ती म्हणाली, "मला बघायचंय, बाबा तिथे कुणासाठी उभे होते."

वर्ग तिसऱ्या मजल्यावर एका जुन्या खोलीत भरायचा. पूर्वी तिथे नकाशे टांगलेले असत. नकाशे गेले होते, खिळे राहिले होते, आणि मुलं त्यांना छत्र्या अडकवायची. विद्यार्थी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. त्यातले दोघे परराष्ट्र खात्यातले तरुण अधिकारी, जे ऑफिसातून थेट यायचे आणि आळीपाळीने डुलक्या काढायचे. शिकवणाऱ्या बाई वयस्कर होत्या. त्यांनी उमेदीची वर्षं सरकारच्या कायदा सल्लागार म्हणून काढली होती. त्या इतक्या हळू बोलायच्या की सगळ्यांना बाकावर पुढे झुकून बसावं लागायचं.

पहिल्याच तासाला बाईंनी विचारलं, "वकिलात ज्या जमिनीवर उभी असते, ती जमीन कुणाची?"

एकामागून एक सगळ्यांनी तेच सांगितलं. ज्या देशाची वकिलात, त्याची. वकीलबाईनेही तेच सांगितलं. तिच्या दृष्टीने हा प्रश्न लहानपणीच सुटलेला होता.

"सगळे चुकलात," बाई म्हणाल्या. "जमीन यजमान देशाचीच राहते. त्यावरून त्याचा हक्क कणभरही जात नाही. फक्त त्याने शब्द दिलेला असतो की परवानगीशिवाय आम्ही आत पाऊल टाकणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला घुसू देणार नाही. व्हिएन्ना करारातलं बाविसावं कलम. यातल्या दुसऱ्या भागाला करारात विशेष कर्तव्य म्हटलंय. साधं नाही, विशेष. आपल्या घरात पाहुणा झोपला असेल तर दाराशी आपण जागायचं. घर आपलं आहे म्हणूनच जागायचं."

बाई पुढे बराच वेळ बोलत होत्या. तिने त्यातलं काहीही लिहून घेतलं नाही.

ती घरी आली तेव्हा हवालदार बुटांना पॉलिश करत होते. निवृत्तीला आले होते, कोठारात बूट बघायला कुणी येत नव्हतं, तरी रोज करायचे.

"बाबा, ती जमीन आपली होती."

"कुठली?"

"वकिलातीची. फाटकाच्या आतली. ती त्यांची कधीच नव्हती. तुम्ही आपल्याच जमिनीवर उभे होतात, आणि राखत होतात तीही आपलीच. आपल्या देशाने दिलेला शब्द तुम्ही राखत होतात."

त्यांनी ब्रश खाली ठेवला. "मग आम्हाला तसं का सांगितलं?"

"सांगणाऱ्याला माहीत नसेल. आमच्या वर्गात कुणाला माहीत नव्हतं."

त्यांनी बूट उचलून फडक्याने टोक पुसलं. मग म्हणाले, "तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं."

"तुम्ही काही वेगळं केलं असतं?"

"केलं असतं तेच. पण धाकट्याला काहीतरी सांगता आलं असतं."

इतक्या वर्षांत त्या घरात काकाचा उल्लेख पहिल्यांदा झाला होता. आतल्या खोलीत आईचं शिवणाचं मशीन चालू होतं, ते थांबलं. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झालं.

दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी तिने विषय घेतला, लोकक्षोभाच्या काळातलं वकिलातींचं संरक्षण. आपल्याच शहरातली ती दुपार त्यात आपोआप आली. वर्गात तिने पहिला मसुदा वाचून दाखवला तेव्हा त्या दोन अधिकाऱ्यांपैकी एकजण, जागा होता तो, म्हणाला, "त्या दिवशी फाटक टिकलं ते निव्वळ नशिबाने."

"नशिबाने नाही," ती म्हणाली, आणि तिने सगळं सांगितलं. डोळा, मनगट, भिंतीवरची अक्षरं. त्या अधिकाऱ्याने नजर खाली घातली.

तास संपल्यावर ती मागे थांबली. "मॅडम, त्या मासेमारांसाठी कुठलं कलम आहे?"

"ते या विषयात येत नाही," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या विषयात येतं." मग चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. "आणि तिथेही फार काही नाही. आपण आपलं फाटक राखलं, हे खरं. त्यांनी आपल्या माणसांसाठी काही केलं नाही, हेही खरं. एकाने दुसरं फिटत नाही. हा कायदा शिकायचा तर हे दोन्ही एकदम उचलून चालता आलं पाहिजे."

बाईंनीच तिला एका निवृत्त कारकुनाकडे पाठवलं. त्या दिवशी तो त्या देशातल्या आपल्या वकिलातीत नोकरीला होता, सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामावर. आता सुनेच्या घरी खिडकीजवळच्या खाटेवर असायचा. बोलताना मध्येच दम घ्यायला थांबायचा, पण तपशिलात चुकायचा नाही.

"आमच्या फाटकाबाहेरही माणसं जमली होती," तो म्हणाला. "इकडे तुम्ही चिडलेले, तिकडे ते चिडलेले. त्यांना वाटत होतं, इकडे त्यांच्या लोकांना जाळायला निघालेत. आम्ही बायकामुलांना जिन्याखाली बसवलं. बाहेर त्यांचे शिपाई होते. मग इकडून बातमी आली की फाटक पडलं नाही, आत कुणाला इजा नाही. त्यांच्या एका अधिकाऱ्याने ती कर्ण्यावरून जमावाला वाचून दाखवली. लोक पांगले. एकदम नाही, हळूहळू. आता त्या बातमीने पांगले की उन्हाने, ते मी शपथेवर सांगणार नाही."

"त्या बातमीतलं फाटक माझ्या वडिलांनी राखलं होतं," ती म्हणाली.

म्हातारा उशीवरून जरा उठला. "कसे आहेत ते आता?"

या घटनेसंदर्भात आजवर तिला अनेकांनी अनेक गोष्टी विचारल्या होत्या. हे कुणी विचारलं नव्हतं. ती मला म्हणाली की नुसती मान हलवून ती बाहेर पडली.

आता काकाला भेटणं भाग होतं. तो डेपोतून केव्हाच सुटला होता आणि शहराबाहेर, ट्रक थांबतात तिथे, त्याने स्वतःचं गॅरेज टाकलं होतं. ती पोचली तेव्हा तो एका ट्रकखाली आडवा होता. बाहेर उभी काकू त्याला हवा तो पाना देत होती. उजव्या हाताने तो फक्त आधार द्यायचा. पाना फिरवायचा डाव्याने.

तो बाहेर सरकला, उठून बसला आणि तिला बघून त्याच्या तोंडून निघून गेलं, "वकीलबाई."

काकूने चहा टाकला. ती सांगत गेली. जमीन कुणाची, शब्द कुणाचा, जिन्याखाली बसलेली आपली माणसं. काकाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग कप बाजूला सारला.

"आणि माझा मित्र? तो कुठल्या कलमात बसतो? त्याला पाण्यातून बाहेर काढला तेव्हा तोंड ओळखू येत नव्हतं. त्याच्या आईने पायांवरून ओळखला. तेव्हा तुझा कायदा कुठे पहारा देत होता?" त्याचा आवाज चढत गेला. पलीकडचे ट्रकवाले बघायला लागले.

"तिच्यावर कशाला ओरडताय?" काकू म्हणाली. "ती फक्त सांगायला आलीय."

वकीलबाई म्हणाली, "माझ्याकडे उत्तर नाही, काका. मी शोधलं. नाही सापडलं."

याची त्याला अपेक्षा नसावी. तो मोडक्या मनगटावर अंगठा फिरवायला लागला.

"माझ्या खिशात रॉकेलची बाटली होती," तो म्हणाला. "हे मी हिलासुद्धा सांगितलं नाही. वरच्या खिडकीत एक बाई उभी होती. पडद्यामागे, पण दिसत होती. तरी मी चढत होतो. दादा खालून म्हणाला, उतर. दोनदा म्हणाला. मग त्याने मारलं."

काकू हातातलं फडकं तसंच धरून उभी होती.

"त्याचं मला काही नाही," काका पुढे म्हणाला. "मारलं ते मारलं. पण नंतर एकदाही विचारायला आला नाही, हात कसा आहे म्हणून. त्याला वाटतं तो दगड माझा होता. डावा हात धड होता ना माझा. मी नाही मारला तो. मी तेव्हा जमिनीवर होतो, लोकांच्या पायांत."

"बाबा असं कधी म्हणाले नाहीत."

"त्याने मला विचारलंही नाही ना कधी."

तिने घरी येऊन शब्दन्‌शब्द सांगितला. हवालदार ऐकताना खुर्चीच्या कडेवर आले होते. म्हणाले, "माझी हिंमत झाली नाही. ज्याचा हात मोडला त्यालाच हात कसा आहे विचारायचं, ते कुठल्या तोंडाने? त्याला सांग, की—"

"मी नाही सांगणार," ती म्हणाली. "निरोप्याचं काम इथवर. पुढची बोलणी दोन्ही पक्षांनी समोरासमोर करायची."

हवालदारांना हसू आलं, आणि ते उठून चपला शोधायला लागले.

गॅरेजात काकाने स्टूल पुसून पुढे केलं. हवालदारांनी काळा चष्मा काढून खिशात ठेवला. घराबाहेर असताना ते तो कधीच काढत नसत. काही वेळ दोघं जॅकवर चढवलेल्या एका टेम्पोकडे बघत बसले, जणू तो विकत घ्यायचा होता.

"हात बघू," हवालदार म्हणाले.

काकाने हात पुढे केला. हवालदारांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि हाड जिथे वाकडं जुळलं होतं तिथे बोटांनी चाचपलं.

"थंडीत दुखतो?"

"दुखतो."

"मी खांद्यावर मारायला हवं होतं. आम्हाला शिकवतात तसं. घाई झाली."

"खांद्यावर मारलं असतंस तर मी थांबलो नसतो," काका म्हणाला. आणि मग, "दादा, तो दगड मी नव्हता मारला."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"आत्ता. तू सांगितलंस तेव्हापासून."

वकीलबाई टायरांच्या ढिगाशी उभी होती. तिने तोंड फिरवलं आणि काकूशी ट्रकच्या हवेबद्दल काहीतरी बोलायला लागली. काय बोलतोय याकडे दोघींचंही लक्ष नव्हतं.

प्रबंधाच्या शेवटी तिने एक प्रकरण वाढवलं, त्या बोटीवर मेलेल्यांचं. त्यांची नावं, त्यांची घरं, त्यांच्या माणसांनी कुठे कुठे अर्ज केले आणि कुठून काय उत्तर आलं. परीक्षकांनी शेरा मारला की हे विषयाच्या कक्षेबाहेरचं आहे. बाईंनी तिला विचारलं, काढतेस का. ती नाही म्हणाली. बाईंनी आग्रह केला नाही. गुण कमी पडले, पहिला वर्ग हुकला. ते प्रकरण घेऊन ती काकाच्या मित्राच्या आईकडे गेली होती. म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिने ते वकीलबाईकडून मोठ्याने वाचून घेतलं, मुलाच्या नावाशी थांबवलं, आणि तेवढा भाग परत वाचायला लावला. कित्येक वर्षांनी त्या सरकारने एका ओळीचा खेद व्यक्त केला. त्याच्या पुढे आजवर काही झालेलं नाही.

वकीलबाई आता परराष्ट्र खात्यात आहे, वकिलातींच्या सुरक्षेच्या विभागात. लहान हुद्दा, लहान टेबल. वर्षातून काही वेळा ती पोलिसांच्या नव्या तुकड्यांना शिकवायला जाते. हवालदार थकले आहेत, उरलेल्या डोळ्यालाही कमी दिसतं, पण काका येणार असेल त्या दिवशी सकाळपासून गॅलरीत बसून असतात.

काका सुट्टीच्या दिवशी दुपारी येतो. दोघं भाऊ शेजारी बसून जेवतात आणि इंजिनांबद्दल बोलतात. आई वाढते. काकाला काय आवडतं ते तिच्या अजून लक्षात आहे, आणि ताटात ते असतं. पण ती त्याच्याशी बोलत नाही. त्या बाटलीचं तिला कळलंय, खिडकीतल्या बाईचंही. काका पाण्याचा तांब्या मागतो, ती समोर ठेवते आणि आत जाते. मी एकदा वकीलबाईला म्हटलं, तू आईशी बोलून बघ. ती म्हणाली, "बोलले. ती म्हणते, तुझ्या बाबांनी माफ केलं, ते त्यांचं. डोळ्यात औषध मी घालत होते."

मग ती म्हणाली, "बरोबर आहे तिचं." आणि आत जाऊन तिने आईच्या हातातली भांडी घेतली.